शुद्धोच्चाराचा आग्रह आणि उच्चाराचे शिक्षण : द्वितीय भाषा मराठीच्या शिक्षकाच्या घडणीविषयी

१

महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा अधिनियम २०२० साली संमत झाला. २०२०-२१ ह्या शैक्षणिक वर्षात इयत्ता पहिली व सहावी ह्या वर्गांपासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. ह्या अधिनियमाचे स्वागत झाले, तशीच त्यावर टीकाही झाली. सक्ती असावी की नसावी, गुण द्यावेत की श्रेणी द्यावी, नियम मोडणाऱ्या शाळांचे काय करावे, ह्या प्रश्नांचा पुष्कळ ऊहापोह झाला. ज्या शिक्षकाने ही भाषा प्रत्यक्ष शिकवावयाची, त्याची भाषाविषयक तयारी कोणत्या प्रकारची असावी हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला. मराठी विषय घेऊन एम.ए., बी.एड. झालेला उमेदवार मराठी कोणालाही शिकवू शकतो, हे आपण जणू गृहीतच धरले आहे. प्रस्तुत लेखात ह्या गृहीतकाची एकाच अंगाने तपासणी करावयाची आहे. ते अंग म्हणजे उच्चाराचे शिक्षण.

प्रतिपादन थोडक्यात असे आहे. आपल्याकडे उच्चाराविषयी आग्रह पुष्कळ आहे. उच्चाराचे शिक्षण मात्र जवळजवळ नाही. शिक्षकाला ध्वनी ऐकण्याचे, त्यांची घडण ओळखण्याचे आणि त्यांच्या महत्त्वाचा क्रम लावण्याचे शिक्षण मिळत नाही. ते न मिळाल्यामुळे विद्यार्थ्याच्या उच्चाराविषयी काही बोलावयाची वेळ आली की, त्याच्यापाशी ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ हे दोनच शब्द उरतात. हे शब्द वर्णन करीत नाहीत, निवाडा करतात. निवाड्याने उच्चार सुधारत नाही. मूल गप्प होते. ज्या वर्गात बोलणे शिकवावयाचे त्याच वर्गात मूल बोलेनासे व्हावे, ही हानी लहान नव्हे.

२

हे सारे ज्या भूमीत घडते तेथील उच्चारविचाराची परंपरा क्षीण असती तर गोष्ट वेगळी होती. वस्तुस्थिती उलट आहे. शिक्षा हे वेदांगांपैकी एक अंग. वर्णांची स्थाने, प्रयत्न, मात्रा, स्वर ह्यांचा इतका बारकाईने विचार प्राचीन काळी अन्यत्र क्वचितच झाला असेल. आपल्या वर्णमालेची मांडणीच कंठापासून ओठांकडे येणाऱ्या उच्चारस्थानांच्या क्रमाने झालेली आहे. आधुनिक काळात ना. गो. कालेलकरांचा ‘ध्वनिविचार’ १९५५ साली आला. अशोक रा. केळकरांनी मराठीची स्वनव्यवस्था व पदव्यवस्था ह्यांवरील आपला प्रबंध १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठाला सादर केला. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर ह्यांनी इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकांना मराठी शिकविण्यासाठी तयार केलेली पाठ्यसामग्री व संदर्भव्याकरण १९७५च्या सुमारास उपलब्ध झाले. भारतीय भाषा संस्थानाची स्थापना म्हैसूर येथे १९६९ साली झाली. त्याच्या अखत्यारीतील पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात परप्रांतीय शिक्षकांना मराठी ही परभाषा म्हणून शिकविण्याचा अनुभव अनेक वर्षे जमा होत आला.

तेव्हा ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती हे ज्ञान शिक्षकाच्या कानापर्यंत आणि जिभेपर्यंत पोचविण्याची. एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत स्वनविज्ञानाला एखादे प्रकरण मिळते. विद्यार्थी स्थान आणि प्रयत्न ह्यांचा तक्ता पाठ करतो, ‘ळ’पुढे ‘मूर्धन्य पार्श्विक’ असे लिहितो आणि गुण मिळवितो. हा ‘ळ’ ज्याच्या भाषेत नाही अशा मुलाच्या तोंडून तो काढून घ्यावयाचा कसा, हे त्याला कोणी विचारीत नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात पाठाचे टाचण, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, मूल्यमापन ह्यांची तयारी होते. भाषेच्या ध्वनींविषयीची तयारी विद्यार्थी एम.ए.त करून आलेला असेल, असे तेथे मानले जाते. एम.ए.चे अध्यापक मानतात की, शिकविण्याची बाजू बी.एड.मध्ये होईल. ह्या दोन समजुतींच्या मधल्या मोकळ्या जागेत शिक्षक उभा असतो.

३

उच्चारशिक्षणाचे उद्दिष्ट काय असावे ह्यासंबंधी इंग्रजी ह्या द्वितीय भाषेच्या संदर्भात दीर्घकाळ विचार झाला आहे. एडिंबरोचे स्वनवैज्ञानिक डेव्हिड ॲबरक्रॉम्बी ह्यांनी १९४९ साली असे मत मांडले की, बहुतेक विद्यार्थ्यांना मूळ भाषकासारख्या उच्चाराची गरज नसते. ऐकणाऱ्याला सायास न पडता कळेल इतका उच्चार त्यांना पुरतो. ह्याला त्यांनी दोन अपवाद सांगितले होते : गुप्तहेर होऊ पाहणारे आणि भाषेचे शिक्षक होऊ पाहणारे. विनोद बाजूला ठेवला तरी ह्या दुसऱ्या अपवादातील मर्म मोठे आहे. विद्यार्थ्याकडून अपेक्षा कमी करावयाची तर शिक्षकाकडून ती वाढवावी लागते. कारण काय सोडून द्यावयाचे आणि काय धरून ठेवावयाचे, हे ज्याला कळते त्यालाच काही सोडून देता येते.

पुढे १९९५ साली कॅनडातील मरे मन्रो व ट्रेसी डर्विंग ह्या अभ्यासकांनी एक महत्त्वाचा भेद प्रयोगाच्या आधारे दाखवून दिला. चिनी मातृभाषा असलेल्यांचे इंग्रजी बोलणे त्यांनी इंग्रजी भाषकांना ऐकविले. ऐकलेली वाक्ये श्रोत्यांनी लिहून काढावयाची आणि बोलण्याची ढब किती परकी वाटते हेही सांगावयाचे होते. ज्यांची ढब अतिशय परकी वाटली अशी कितीतरी वाक्ये श्रोत्यांनी अगदी बिनचूक लिहिली होती. म्हणजे उच्चाराची ढब वेगळी असणे आणि बोलणे न कळणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ह्याच अभ्यासकांनी २००५ साली आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले : उच्चार शिकविण्यासाठी लागणारे शिक्षण शिक्षकांना पुरेसे मिळत नाही आणि ते आपल्या अंतःप्रेरणेवरच विसंबतात. इंग्रजीसारख्या साधनसंपन्न भाषेची ही स्थिती, तर मराठीची काय असणार ह्याची कल्पना करता येईल.

ह्या भेदाचा मराठीच्या वर्गात काय उपयोग आहे ते पाहू. हिंदी मातृभाषा असलेला मुलगा ‘ज्ञान’ हा शब्द ‘ग्यान’ असा उच्चारतो. त्याचे मराठी ऐकणाऱ्या कोणालाही ह्यामुळे अर्थ कळण्यास अडचण पडत नाही. तरीही ही ‘चूक’ शिक्षक तत्काळ दुरुस्त करतो, कारण ती कानात भरते. ‘ऋषी’चे ‘रिशी’, ‘पैसा’ शब्दातील हिंदी वळणाचा ‘ऐ’, ‘श’ आणि ‘ष’ ह्यांतील भेद, ह्या सर्वांची हीच गोष्ट आहे. ‘श’ व ‘ष’ ह्यांतील भेद तर आज बहुसंख्य मराठी भाषकांच्याही बोलण्यात उरलेला नाही. तो लेखनाचा भेद आहे आणि लेखनाच्या तासाला शिकविणेच योग्य.

आता ह्याच मुलाने ‘काळ’ ऐवजी ‘काल’ म्हटले तर काय होते? काल–काळ, वेल–वेळ, गाल–गाळ, माल–माळ, बाल–बाळ, दल–दळ, नाल–नाळ : जोड्यांची ही यादी सहज लांबविता येईल. ‘ल’ आणि ‘ळ’ ह्यांच्यातील भेदावर मराठीतील नित्याच्या वापरातील शब्दांचे अर्थ मोठ्या संख्येने टांगलेले आहेत. मन–मण, सन–सण, तन–तण, खान–खाण, घन–घण ह्या जोड्या ‘न’ व ‘ण’ ह्यांच्या बाबतीत तेच सांगतात, जरी यादी काहीशी आखूड असली तरी. ह्याउलट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हा भेद आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींचा अर्थ संदर्भाने कळतो. भाषाविज्ञानात ह्याला त्या त्या भेदाचा कार्यभार म्हणतात. द्वितीय भाषेच्या शिक्षकाने उच्चारांचा क्रम लावावयाचा तो ह्या कार्यभारावरून. वर्गातील तासिका तीस-पस्तीस मिनिटांची आणि मुले चाळीस-पन्नास, अशा स्थितीत क्रम न लावता सर्व चुका सारख्याच मानणारा शिक्षक अखेर कोणतीच चूक दुरुस्त करू शकत नाही. तो जी पाच मिनिटे ‘ग्यान’वर घालवितो ती त्याने ‘वेळ’वर घालवावयास हवी होती.

४

क्रम लावण्यासाठी शिक्षकाला मराठीची स्वनव्यवस्था जाणीवपूर्वक माहीत असली पाहिजे. येथे पहिली अडचण अशी की, मराठी भाषकाला ती नकळत माहीत असते. जे नकळत येते ते शिकविता येतेच असे नाही. शिवाय देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे, जसे बोलतो तसे लिहितो, ही समजूत आपल्यात इतकी रुजलेली आहे की, लिपीत न दिसणारे भेद शिक्षकाला ऐकूही येत नाहीत. दोन उदाहरणे विस्ताराने घेऊ.

पहिले उदाहरण ‘च’ आणि ‘ज’ ह्यांचे. ‘चिमणी’तील च तालव्य आणि ‘चमचा’तील दोन्ही च दंततालव्य, हे मराठी मूल कोणी न सांगता जाणते. लिपीत दोहोंना एकच अक्षर आहे. ‘जग’ हा शब्द तालव्य उच्चाराने दुनियेचा वाचक होतो आणि दंततालव्य उच्चाराने ‘जगणे’ ह्या क्रियेची आज्ञा होतो. ‘चार’ ही संख्या तालव्य, तर गुरांना ‘चार’ असे सांगताना तोच लेखी शब्द दंततालव्य. हिंदी, उर्दू किंवा बंगाली भाषकाला हा भेद डोळ्यांनी दिसत नाही आणि त्याच्या कानाला त्याची सवय नसते. मग तो सगळीकडे तालव्यच उच्चार करतो आणि वर्गात खसखस पिकते.

शिक्षकाला येथे काय सांगता येईल? पुष्कळ सांगता येईल. इ, ई, ए ह्या स्वरांपूर्वी आणि य ह्या व्यंजनापूर्वी मराठीत सामान्यतः तालव्य उच्चार होतो : चिंच, जीभ, चेहरा, जेवण. इतर स्वरांपूर्वी तत्सम शब्दांत बहुधा तालव्य (चंद्र, चरण, जन, जल) आणि तद्भव व देशी शब्दांत बहुधा दंततालव्य (चूल, चोर, चव, जाळे). ‘जोर’, ‘जास्त’, ‘जरा’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्दही ह्या दुसऱ्या गटात मोडतात. ‘चार’सारखे अपवाद आहेत, जुन्या कागदपत्रांत हा शब्द ‘च्यार’ असा लिहिलेला आढळतो, त्यावरून त्याच्या तालव्य उच्चाराचे रहस्यही उलगडते. ह्याहून महत्त्वाचे म्हणजे हा नियम रूपावलीतून शिकविता येतो : माझा, माझं दंततालव्य, पण माझी, माझे, माझ्या तालव्य. आमचा आणि आमची, चमचा आणि चमचे ह्यांतही तेच. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे लिंगवचनाचा पाठ हाच उच्चाराचाही पाठ होऊ शकतो. त्यासाठी वेगळी तासिका नको. शिक्षकाला हा नियम ठाऊक असणे एवढेच पुरे.

दुसरे उदाहरण अनुस्वाराचे. ‘माझं नाव’, ‘काम झालं’, ‘कुठं गेलं’ ह्या रूपांत शेवटच्या अक्षरावर दिलेली खूण आज अनुनासिक उच्चाराची द्योतक नाही. ती तेथील ‘अ’ पूर्ण व लांबवून उच्चारावयाचा एवढेच सुचविते. ती नसती तर आपण ‘झाल’ असे व्यंजनान्त वाचले असते. परभाषी मूल ही खूण पाहते आणि आपल्या लिपीच्या सवयीप्रमाणे ‘झालम्’ किंवा नाकातून ‘झालँ’ असे म्हणते. शिक्षक त्याला पुनःपुन्हा ‘असं नाही, असं’ म्हणतो. परंतु खुणेचा अर्थच बदललेला आहे हे सांगत नाही, कारण ते त्याच्या कधी ध्यानी आलेले नसते. ‘संशय’, ‘संवाद’, ‘सिंह’ ह्या शब्दांत हीच खूण आणखी वेगळे काम करते. तेथे ‘व’सारखा अनुनासिक ध्वनी येतो, जो हिंदी वळणाच्या ‘सन्शय’मध्ये नसतो. एकाच टिंबाची ही निरनिराळी कामे आहेत. ती वेगळी करून दाखविली तर दहा-बारा वर्षांचे मूल ती सहज समजू शकते. न दाखविली तर त्याला मराठी ही लहरी भाषा वाटते.

परभाषी मुलाने पुस्तकातून केवळ ‘माझे नाव’, ‘काम झाले’ अशी लेखी रूपे उचलली तर त्याचे बोलणे छापील वाटते, हाही ह्याच प्रश्नाचा भाग आहे. लेखनाची प्रमाण रूपे आणि बोलण्याची प्रमाण रूपे ह्यांतील अंतर द्वितीय भाषेच्या वर्गात लपवून चालत नाही.

५

दुसरी बाजू विद्यार्थ्याच्या भाषेची. प्राग संप्रदायाचे त्रुबेत्स्कॉय ह्यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मातृभाषेच्या स्वनव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली होती. परक्या भाषेचे बोलणे माणूस ह्या चाळणीतून ऐकतो. जो भेद चाळणीत नाही तो त्याला ऐकूच येत नाही. म्हणून ‘नीट ऐक आणि म्हण’ हा उपदेश बहुधा निष्फळ ठरतो. मूल नीटच ऐकत असते. आपल्या चाळणीतून ऐकत असते.

मुंबई-पुण्याच्या एका वर्गात अशा चार-पाच चाळण्या एकत्र बसलेल्या असतात. गुजराती मुलाच्या भाषेत ‘ळ’ आहे; त्याला तो ध्वनी शिकवावा लागत नाही. कन्नड व तेलुगू मुलांचेही तसेच. हिंदी आणि उर्दू भाषक मुलाला मात्र तो मुळापासून घडवावा लागतो. परंतु त्याच्यापाशीही भांडवल आहे. ‘लड़का’, ‘पेड़’ ह्या शब्दांतील ‘ड़’ उच्चारताना त्याची जीभ मागे वळतेच. जीभ त्याच जागी नेऊन टेकव आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोड, असे सांगितले की काही प्रयत्नांत ‘ळ’ साधू लागतो. दंततालव्य ‘च’ व ‘ज’ तेलुगूत आहेतच. तेलुगू भाषकाला त्याची फक्त जाणीव करून द्यावी लागते. पण हाच तेलुगू किंवा कन्नड विद्यार्थी ‘घर’, ‘काम’, ‘नाव’ ह्या शब्दांतील अन्त्य ‘अ’ स्पष्ट उच्चारतो, कारण त्याच्या लिपीत लिहिलेला ‘अ’ वाचला जातो. त्याला मराठीत ‘अ’चा लोप कोठे होतो ते सांगावे लागेल, जे हिंदी भाषकाला फारसे सांगावे लागत नाही. ‘म्हणजे’, ‘म्हैस’, ‘न्हावी’ ह्या शब्दांतील आरंभीचे महाप्राणयुक्त अनुनासिक मात्र ह्यांपैकी बहुतेकांना अवघड जातात.

तेव्हा ‘अमराठी विद्यार्थी’ असा एकच वर्ग नसतो. शिक्षकाने ह्या सर्व भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु हिंदी, गुजराती, उर्दू, कन्नड, तेलुगू ह्या पाच भाषांच्या स्वनव्यवस्थेची मराठीशी तुलना करणारे दोन-दोन पानांचे तक्ते त्याच्या हाती देणे आपल्या विभागांना अशक्य नाही. परभाषी मुलांसाठी ‘सुलभभारती’सारखी वेगळी पाठ्यपुस्तकमाला असणे ही योग्यच गोष्ट आहे. तिच्या जोडीला शिक्षकासाठी उच्चाराची अशी हस्तपुस्तिका असणे तितकेच आवश्यक आहे.

६

येथवर ज्याला सरळ द्वितीय भाषा म्हणता येईल अशा स्थितीचा विचार केला. महाराष्ट्राच्या बाबतीत प्रश्न येथे थांबत नाही. किंबहुना येथेच तो अधिक गंभीर होतो. मेळघाटातील कोरकू मूल मराठी माध्यमाच्या शाळेत जाते तेव्हा शाळेच्या लेखी मराठी ही त्याची प्रथम भाषा असते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. गडचिरोलीतील गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांचेही तेच. त्यांची भाषा द्राविडी कुळातील. ह्या मुलांसाठी मराठी ही खऱ्या अर्थाने दुसरी भाषा आहे. परंतु मुंबईतील इंग्रजी शाळेतल्या गुजराती मुलाला जी ‘दुसरी भाषा शिकणारा’ म्हणून सवलत व सहानुभूती मिळते, ती त्यांना मिळत नाही. त्यांच्या उच्चारातील वेगळेपणा हा मागासलेपणाचा पुरावा मानला जातो.

मराठीच्या बोली बोलणाऱ्या मुलांची स्थिती तिसऱ्या प्रकारची आहे. वऱ्हाडी मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. महाराष्ट्राच्या अनेक भागांतील व अनेक समाजांतील मुले ‘पाणी’ला ‘पानी’, ‘आणि’ला ‘आनि’ म्हणतात. हा उच्चार आळसाने किंवा अज्ञानाने होत नाही. त्या बोलीची ती नियमबद्ध व्यवस्था आहे. ‘ण’ नसलेल्या बोलीत तो पिढ्यान्‌पिढ्या नसतो आणि बोलणाऱ्यांचे त्यावाचून काही अडत नाही. हिंदी भाषक मुलाचा ‘न’ आणि ह्या मुलाचा ‘न’ कानाला सारखाच लागतो. पण पहिला परभाषेचा प्रश्न आहे आणि दुसरा आपल्याच भाषेच्या दोन रूपांचा. पहिल्याला नवा ध्वनी द्यावयाचा आहे. दुसऱ्याला घरच्या उच्चाराच्या शेजारी आणखी एक उच्चार द्यावयाचा आहे, घरचा काढून घ्यावयाचा नाही. ध्वनींचे शिक्षण नसलेला शिक्षक हा भेद करू शकत नाही. त्याच्यापाशी ‘अशुद्ध’ हा एकच शब्द असतो. आपल्या समाजात ‘आनि-पानी’वरून माणसाची जात आणि गाव ओळखण्याची सवय जुनी आहे. ती सवय वर्गात ‘शुद्धोच्चारा’चे वस्त्र पांघरून येते. शिक्षक तसा हेतू धरून बोलत असतो असे मुळीच नाही. त्याला दुसरी भाषाच आपण दिलेली नाही.

ह्यावर आक्षेप घेतला जाईल की, असे म्हणत गेल्यास प्रमाण उच्चाराला काही अर्थच उरणार नाही आणि भाषा बिघडेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. बोलीभाषक पालकच अनेकदा आपल्या मुलाला प्रमाण उच्चार यावा असा आग्रह धरतात, कारण मुलाखतीत, न्यायालयात, व्यासपीठावर त्याची किंमत काय आहे हे ते अनुभवाने जाणतात. त्यांची ही मागणी न्याय्य आहे आणि ती पुरी करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. माझे म्हणणे इतकेच की, ‘अशुद्ध’ म्हटल्याने ती पुरी होत नाही. ‘ण’ उच्चारताना जीभ कोठे वळते, ‘मन’ व ‘मण’ ह्यांत काय फरक पडतो, हे ज्या वर्गात दाखविले जाते तेथेच प्रमाण उच्चार येण्याची शक्यता असते. प्रमाणभाषेच्या कैवाऱ्यांनी तर उच्चारशिक्षणाची मागणी सर्वांत आधी करावयास हवी.

आणखी एक आक्षेप असा की, मुले उच्चार ऐकून ऐकून आपोआप शिकतात, शिकवावा लागत नाही. घरादारात भाषा ऐकू येत असेल तर हे बव्हंशी खरे आहे. परंतु आपल्या शहरांतील अनुभव काय आहे? परभाषी माणूस दिसला की आपणच हिंदीत बोलू लागतो. दुकानात, रिक्षात, सोसायटीत ज्या मुलाशी कोणी मराठी बोलत नाही त्याच्यासाठी मराठीचा वर्ग हेच मराठी ऐकण्याचे मुख्य स्थान उरते. तेथेही ते हसण्याच्या भीतीने बोलले नाही तर मग कोठे बोलणार?

७

काय करता येईल? मोठ्या योजनांची यादी देण्याचे प्रयोजन नाही. चार गोष्टी पदव्युत्तर मराठी विभागांच्या स्वतःच्या अधिकारात आहेत.

पहिली, भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत स्वनविज्ञानाची परीक्षा लेखी न ठेवता निदान अंशतः कानाची ठेवावी. मुद्रित केलेले दहा शब्द ऐकवून त्यांतील ध्वनी ओळखावयास सांगावेत. त्यासाठी पूर्वीसारखी खर्चिक प्रयोगशाळा आता लागत नाही. मुद्रणाची सोय प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीत आहे आणि ध्वनीचे विश्लेषण करणारी ‘प्राट’सारखी संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने एका परभाषी किंवा बोलीभाषी मुलाच्या मराठी बोलण्याचे पालकांच्या संमतीने मुद्रण करून त्याचे वर्णन लिहावे. त्यात ‘चूक’ हा शब्द न वापरता काय ऐकू आले एवढेच नोंदवावे. हा नियम वरवर साधा दिसतो. परंतु तो पाळताना आपल्या कानावर आपल्या संस्कारांची किती पुटे चढलेली आहेत हे विद्यार्थ्याला कळून येते. तिसरी, वर उल्लेखिलेले तुलनात्मक तक्ते. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी एकेक भाषा वाटून घेतली तर हे काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखे आहे, आणि पीएच.डी.साठी विषय मिळत नाही ही तक्रारही थोडी कमी होईल. चौथी, अध्यापक महाविद्यालये आणि मराठी विभाग ह्यांची नियमित भेट. आज एकाच विद्यापीठात दोघे एकमेकांना ओळखत नाहीत अशी स्थिती दिसते.

ह्या गोष्टींना वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून विरोध होण्याची शक्यता आहे. मराठी विभाग हे साहित्याचे विभाग आहेत. उच्चार घोटवून घेणे हे प्राथमिक शिक्षकांचे काम, असा एक श्रेणीभाव आपल्यात रुजलेला आहे. परंतु आपल्या विभागांतून बाहेर पडणारे बहुसंख्य विद्यार्थी समीक्षक होत नाहीत, शिक्षक होतात. जे भाषा शिकवून पोट भरणार त्यांना भाषा कशी घडते ह्याचे शिक्षण न देता पदवी देणे ही त्यांची उपेक्षा आहे, आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्या मुलांचीही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या निमित्ताने भाषेच्या प्राचीनतेसंबंधी पुष्कळ लेखन झाले, आणि ते व्हावयासही हवे. पण भाषा टिकते ती नव्या तोंडांत रुळून. ज्यांच्या घरात ती नाही अशी मुले आता कायद्याने आपल्या वर्गात आली आहेत. त्यांच्या तोंडून पहिला ‘ळ’ कसा काढून घ्यावा, हे सांगू शकणारा शिक्षक तयार करणे ही मराठी विभागांची जबाबदारी आहे, आणि ती दुसरे कोणी उचलणार नाही.